ग्लास, गाडी आणि जन्मठेप
मद्यपान करून किंवा बेदरकारपणे गाडी चालवून मृत्यू घडवणाऱ्यांसाठी ब्रिटनमधील कायदा कसा कडक होत गेला



आपल्या मंडळींत दारूवर उघडपणे बोलण्याची पद्धत नाही. एकतर "आमच्याकडे कोणी घेत नाही" असे म्हणून विषय टाळला जातो, नाहीतर "अरे, एकच घे, घर तर दहा मिनिटांवर आहे" असे म्हणत ग्लास भरला जातो. दिवाळी, गणपती, मुलांचे वाढदिवस, कोणाच्या घराची वास्तुशांत, अशा कार्यक्रमांनंतर रात्री बारा-एकला मोटारवेवरून घरी परतणारी कुटुंबे आपल्यात पुष्कळ आहेत. म्हणून आरोग्य आणि अर्थकारण या सदरात यावेळी एका कायद्याची माहिती घेऊ. हा कायदा आरोग्याशी, पैशाशी आणि व्हिसाशीही जोडलेला आहे.

२८ जून २०२२ पासून इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडमध्ये धोकादायक ड्रायव्हिंगने मृत्यू घडवणाऱ्याला जास्तीत जास्त जन्मठेप होऊ शकते. मद्याच्या किंवा अमली पदार्थांच्या अमलाखाली निष्काळजीपणे गाडी चालवून मृत्यू घडवला, तरी तीच कमाल शिक्षा आहे. आधी ही मर्यादा १४ वर्षे होती. हा बदल का झाला, त्याचा प्रत्यक्ष अर्थ काय, आणि शिक्षा वाढवल्याने रस्ते सुरक्षित होतात का, हे क्रमाने पाहू.

पाच वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत

मोटार अपघातात माणूस मेला तर पूर्वी येथे सदोष मनुष्यवधाचा खटला भरावा लागे. पण ज्युरीत बसलेली माणसे स्वतःही गाडी चालवणारी असत. "आपल्याकडूनही असे होऊ शकले असते" या विचाराने ती आरोपीला मनुष्यवधाचा दोषी ठरवायला कचरत. यावर उपाय म्हणून १९५६ च्या कायद्याने बेदरकार किंवा धोकादायक ड्रायव्हिंगने मृत्यू घडवणे हा वेगळा गुन्हा केला. कमाल शिक्षा होती पाच वर्षे.

१९९१ च्या कायद्याने दोन मोठे बदल केले. "बेदरकार" हा शब्द जाऊन "धोकादायक" हा शब्द आला. बेदरकारपणा सिद्ध करायचा तर चालकाच्या मनात काय होते याची चर्चा करावी लागे. धोकादायक ड्रायव्हिंगची कसोटी बाहेरून लावता येते: सक्षम आणि काळजीपूर्वक गाडी चालवणाऱ्या माणसाकडून जी अपेक्षा असते, तिच्या फार खाली हे ड्रायव्हिंग गेले होते का? दुसरा बदल म्हणजे मद्यपान करून निष्काळजीपणे मृत्यू घडवण्याचा स्वतंत्र गुन्हा तयार झाला.

१९९३ मध्ये या दोन्ही गुन्ह्यांची कमाल शिक्षा पाचवरून दहा वर्षे झाली. २००३ च्या कायद्याने ती १४ वर्षांवर नेली आणि २००४ पासून ती लागू झाली. २००८ पासून मद्यपान न करताही केवळ निष्काळजीपणाने मृत्यू घडवणे हा वेगळा गुन्हा ठरला. त्याची कमाल शिक्षा पाच वर्षे आहे आणि ती आजही तेवढीच आहे.

यानंतरची मागणी आली ती प्रामुख्याने मृतांच्या कुटुंबीयांकडून. त्यांचे म्हणणे समजण्यासाठी साधे गणित करू. येथे आरोपीने सुरुवातीलाच गुन्हा कबूल केला तर शिक्षेत एक तृतीयांशापर्यंत सूट मिळते. म्हणजे अत्यंत वाईट प्रकरणात न्यायाधीशांनी पूर्ण १४ वर्षांपासून सुरुवात केली, तरी कबुलीनंतर साधारण नऊ वर्षे चार महिने उरत. त्यातलाही काही भाग तुरुंगाबाहेर देखरेखीखाली जाई. ज्यांचे मूल गेले त्या आईबापांना हा हिशेब कसा पटावा? डिसेंबर २०१६ मध्ये सरकारने लोकांची मते मागवली तेव्हा नऊ हजारांहून जास्त उत्तरे आली. ऑक्टोबर २०१७ मध्ये सरकारने जन्मठेपेचा निर्णय जाहीर केला. तो कायद्यात उतरायला मात्र २०२२ साल उजाडले.

जन्मठेप म्हणजे सर्वांना जन्मठेप नव्हे

हा मुद्दा नीट समजून घ्यायला हवा. जन्मठेप ही कमाल मर्यादा आहे. न्यायाधीशांना इंग्लंड आणि वेल्समध्ये ठरवून दिलेली मार्गदर्शक तत्त्वे पाळावी लागतात आणि ती जुलै २०२३ पासून बदलली आहेत. धोकादायक ड्रायव्हिंगने मृत्यू घडल्यास दोषाच्या तीन पायऱ्या आहेत. सर्वांत वरच्या पायरीवर विचार १२ वर्षांपासून सुरू होतो आणि शिक्षा साधारण ८ ते १८ वर्षांच्या पट्ट्यात बसते. मधल्या पायरीवर सुरुवात ६ वर्षांपासून, तर खालच्या पायरीवर ३ वर्षांपासून. अपवादात्मक प्रकरणात या पट्ट्याच्याही वर जाता येते. वरच्या पायरीत काय येते? रस्त्यावर लावलेल्या शर्यती, पोलिसांपासून पळणे, बऱ्याच काळ चालवलेले जाणूनबुजून धोक्याचे ड्रायव्हिंग. मोबाइल फोन बराच वेळ हातात ठेवून वापरणे हेही तेथेच येते.

तुरुंगवासाशिवाय लायसन्सही जाते. या दोन्ही गंभीर गुन्ह्यांत किमान पाच वर्षे गाडी चालवण्यास बंदी असते (२०२२ पूर्वी ती दोन वर्षे होती) आणि नंतर नेहमीपेक्षा लांब ड्रायव्हिंग टेस्ट पुन्हा द्यावी लागते.

एकच चूक, दोन वेगळी आयुष्ये

आता या कायद्यातील सर्वांत महत्त्वाचा धडा पाहू. समजा, एक गृहस्थ रात्री बाजूच्या रस्त्यावरून मुख्य रस्त्यावर वळताना उजवीकडे पुरेसे पाहत नाहीत आणि मोटारसायकलवरचा मुलगा दगावतो. गृहस्थ मद्य प्यायलेले नाहीत. हा निष्काळजीपणा आहे; कमाल शिक्षा पाच वर्षे, आणि दोष अगदी कमी असेल तर कदाचित तुरुंगवासही होणार नाही.

आता तेच वळण, तोच रस्ता, तीच चूक. फक्त गृहस्थांच्या रक्तातील मद्याचे प्रमाण मर्यादेच्या वर आहे. कमाल शिक्षा एकदम जन्मठेप. मद्यामुळेच चूक झाली का, असा बचाव येथे फारसा उपयोगी पडत नाही. ड्रायव्हिंग निष्काळजी होते आणि प्रमाण मर्यादेबाहेर होते, एवढे पुरते. "मग श्वासाची तपासणीच देऊ नये" असे कोणी सुचवील, तर त्याचे ऐकू नका. योग्य कारणाशिवाय नमुना देण्यास नकार दिला तरी माणूस याच कलमात सापडतो.

मर्यादा किती, आणि शरीरात काय होते

इंग्लंड आणि वेल्समध्ये १०० मिलिलिटर रक्तात ८० मिलिग्रॅम मद्यार्क, किंवा १०० मिलिलिटर श्वासात ३५ मायक्रोग्रॅम, ही मर्यादा आहे; त्यातील रक्ताची मर्यादा १९६७ च्या कायद्यातून आलेली आहे. स्कॉटलंडने डिसेंबर २०१४ पासून ती ५० आणि २२ वर आणली. म्हणजे कार्लाइलला चालणारा ग्लास ग्लासगोला पोहोचेपर्यंत गुन्हा ठरू शकतो. सर पीटर नॉर्थ यांच्या २०१० च्या अहवालाने ही मर्यादा ५० करावी अशी शिफारस केली होती. आपल्या भारतात तर ती ३० आहे.

"मर्यादा ८० म्हणजे किती ग्लास?" या प्रश्नाला खात्रीचे उत्तर नाही. वजन, पोटातील अन्न, वय, स्त्री की पुरुष, यावर ते बदलते. म्हणून मोजमाप ग्लासात न करता युनिटमध्ये करावे. एक युनिट म्हणजे १० मिलिलिटर शुद्ध मद्यार्क. पबमधील २५ मिलिलिटर व्हिस्की म्हणजे एक युनिट. चार टक्क्यांच्या बियरचा एक पाइंट म्हणजे सुमारे २.३ युनिट. वाइनचा १७५ मिलिलिटरचा ग्लासही जवळजवळ तेवढाच.

आपल्या घरच्या पार्टीत पेग मोजून कोण ओततो? यजमानांचा हात सढळ असला की ६० मिलिलिटर सहज होते, आणि ते एकटेच २.४ युनिट. असे तीन पेग आणि सुरुवातीला एक पाइंट मिळून साडेनऊ युनिट झाले. यकृत साधारणपणे तासाला एक युनिट निकालात काढते. सुरक्षित बाजूने हिशेब करायचा तर पिणे थांबवल्यापासून साडेनऊ तास आणि मद्य रक्तात मिसळण्यासाठी आणखी एक तास धरावा. रात्री एक वाजता शेवटचा घोट घेतला तर सकाळचे साडेअकरा वाजतात. आणि रविवारची मराठी शाळा दहाला भरते! मुलांना मागच्या सीटवर बसवून सकाळी निघालेल्या बापाला आपण मद्यपान करून गाडी चालवत आहोत याची कल्पनाही नसते. झोप, कडक चहा, लिंबूपाणी किंवा थंड पाण्याची आंघोळ यांनी माणूस ताजातवाना दिसतो, पण रक्तातील मद्यार्क त्याने लवकर उतरत नाही.

औषधांबद्दलही दोन शब्द. २ मार्च २०१५ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये काही अमली पदार्थ आणि काही औषधे यांच्यासाठीही रक्तातील मर्यादा ठरलेल्या आहेत. त्यात डायझेपाम आणि मॉर्फीनसारखी डॉक्टर लिहून देतात अशी औषधे येतात. ती सांगितल्याप्रमाणे घेतली आणि गाडी चालवण्यावर परिणाम झालेला नसेल तर कायद्यात बचाव आहे. तरी फार्मसिस्टला "हे घेऊन गाडी चालवता येईल का?" हा प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी.

पैशाचा हिशेब

कोणाचा जीव गेला नाही, अगदी अपघातही झाला नाही, तरी मर्यादेबाहेर गाडी चालवताना पकडले गेल्यास किमान १२ महिने लायसन्स जाते, दंडाला वरची मर्यादा नाही आणि सहा महिन्यांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. दहा वर्षांत दुसऱ्यांदा सापडल्यास बंदी किमान तीन वर्षे. लायसन्सवरची नोंद ११ वर्षे राहते. इन्शुरन्स कंपन्या सहसा गेल्या पाच वर्षांतील शिक्षा विचारतात आणि प्रीमियम त्यानुसार चढतो.

अपघात झाला तर समोरच्या जखमींना इन्शुरन्स कंपनीला भरपाई द्यावीच लागते. चालक प्यायलेला होता म्हणून ती नाकारता येत नाही. परंतु ती रक्कम कंपनी नंतर चालकाकडून वसूल करू शकते आणि त्याच्या स्वतःच्या गाडीचा खर्च बहुधा देत नाही. असा दावा लाखो पौंडांचा असू शकतो. घर, बचत, मुलांचे शिक्षण, सगळेच पणाला लागते.

आपल्यात डॉक्टर आणि नर्स मंडळी पुष्कळ. डॉक्टरांवर गुन्ह्याचा आरोप ठेवला गेला किंवा शिक्षा झाली तर जनरल मेडिकल कौन्सिलला तातडीने कळवावे लागते. ज्यांच्याकडे अजून ब्रिटिश पासपोर्ट नाही त्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. २००७ च्या कायद्यानुसार १२ महिने किंवा अधिक तुरुंगवास झालेल्या परदेशी नागरिकाला काही अपवाद वगळता देशाबाहेर पाठवण्याची कारवाई होते. नागरिकत्वाच्या अर्जातही चांगल्या वर्तणुकीची अट असते. वर दिलेल्या शिक्षांचे पट्टे पुन्हा पाहिलेत तर या गुन्ह्यांत १२ महिन्यांची रेषा किती सहज ओलांडली जाते हे ध्यानात येईल. मग शिक्षा एकट्या चालकाची राहत नाही. येथे शाळेत रुळलेली मुलेही त्यात भरडली जातात.

प्रवाशांनाही एक सूचना. चालक प्यायलेला आहे हे ठाऊक असताना त्याच्या गाडीत बसलात आणि जखमी झालात, तर भरपाई कमी होऊ शकते. १९७७ च्या एका गाजलेल्या निकालात अशा प्रवाशाची भरपाई २० टक्क्यांनी कमी केली होती. तेव्हा "त्यांना वाईट वाटेल" म्हणून लिफ्ट स्वीकारू नये.

ज्यांच्या घरचे माणूस जाते त्यांचे काय?

शिक्षेच्या चर्चेत हा भाग नेहमी मागे पडतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये शोकाबद्दलची भरपाई कायद्याने ठरलेली आहे. मे २०२० पासून ती १५,१२० पौंड आहे. तीही मिळते मुख्यतः पती-पत्नीला, दोन वर्षे एकत्र राहिलेल्या जोडीदाराला, किंवा अठरा वर्षांखालील अविवाहित मुलाच्या आईवडिलांना. वीस वर्षांचा मुलगा गेला तर आईवडिलांना या सदराखाली काहीही मिळत नाही. मृत व्यक्तीच्या कमाईवर घर चालत असेल तर १९७६ च्या कायद्याखाली वेगळा दावा करता येतो. येथील मुलाच्या पैशांवर भारतात वृद्ध आईवडील अवलंबून असतील, तर त्यांच्या वतीनेही असा दावा होऊ शकतो का, हे सॉलिसिटरला जरूर विचारावे. बँकेतून पाठवलेल्या पैशांच्या पावत्या अशा वेळी पुरावा म्हणून उपयोगी पडतात. चालकाचा इन्शुरन्स नसेल किंवा तो पळून गेला असेल, तर १९४६ पासून असलेल्या मोटर इन्शुरर्स ब्युरोकडे दावा करता येतो.

कुटुंबाला कोर्टापुढे आपले दुःख निवेदनाच्या रूपाने मांडता येते. शिक्षा फारच सौम्य वाटली तर ती फेरविचारासाठी पाठवावी अशी विनंती अ‍ॅटर्नी जनरलकडे कोणीही करू शकते. मात्र मुदत थोडी असते, म्हणून निकालाच्या दिवशीच चौकशी करावी.

कडक शिक्षेने अपघात कमी होतात का?

येथे दोन प्रश्न वेगळे ठेवायला हवेत. शिक्षा न्याय्य आहे का, हा एक; शिक्षेने धाक बसतो का, हा दुसरा.

धाकाबाबत ब्रिटनचाच इतिहास बोलका आहे. बार्बरा कॅसल वाहतूकमंत्री असताना झालेल्या कायद्याने ऑक्टोबर १९६७ मध्ये रस्त्यावर श्वासाची तपासणी सुरू झाली आणि मृत्यूंची संख्या ठळकपणे घटली. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ एच. लॉरेन्स रॉस यांनी याचा अभ्यास केला. त्यांना आढळले की सुरुवातीचा परिणाम खरा होता, पण पुढे तो ओसरत गेला. आपण पकडले जाण्याची शक्यता वाटली होती तेवढी नाही, हे हळूहळू चालकांच्या लक्षात आले. म्हणजे माणूस घाबरतो तो शिक्षेच्या वर्षांना कमी आणि पकडले जाण्याच्या खात्रीला जास्त. रात्री अकराला किल्ली फिरवणारा माणूस १४ वर्षे आणि जन्मठेप यांतला फरक तोलत नसतो. "आपल्याला काही होत नाही" एवढेच त्याच्या मनात असते.

तरीही ब्रिटनने बरीच मजल मारली आहे. १९७९ साली मद्यपी चालकांच्या अपघातांत सुमारे १,६४० माणसे मेली. अलीकडच्या वर्षांत हा आकडा अडीचशे ते तीनशेच्या आसपास असतो. हे केवळ तुरुंगामुळे झाले नाही. तपासणी, सतत चाललेला प्रचार, सीटबेल्ट, चांगल्या गाड्या, आणि मद्य पिऊन गाडी चालवणे ही लाजिरवाणी गोष्ट आहे अशी समाजाची बदललेली धारणा, या सगळ्यांचा त्यात वाटा आहे. परंतु आजही रस्त्यावरच्या दर सहा मृत्यूंमागे साधारण एक मृत्यू याच कारणाने होतो.

पुण्यात १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरला भरधाव पोर्शे गाडीने दोन तरुण इंजिनिअरांचा बळी घेतला, ते आपल्या सर्वांना आठवत असेल. १७ वर्षांच्या चालकाला जामीन देताना ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितले गेले आणि देशभर संताप उसळला. पुढे रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांनाही अटक झाली. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दल भारतीय दंड संहितेत कमाल दोन वर्षे होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ती पाच वर्षे आहे. पण कायद्याच्या पुस्तकात पाच लिहा की पन्नास, रक्ताच्या नमुन्यावर विश्वास नसेल तर आकड्याला अर्थ राहत नाही.

न्यायाचा प्रश्न मात्र धाकापुरता मर्यादित नाही. जाणूनबुजून दुसऱ्याचा जीव पणाला लावणाऱ्यासाठी कोर्टाच्या हाती मोठी शिक्षा असावी, हे योग्यच. त्याचबरोबर क्षणभर लक्ष चुकलेला माणूस आणि शर्यत लावणारा माणूस यांना एका मापाने मोजू नये, हेही तितकेच खरे. येथील कायद्याने निष्काळजीपणाची पाच वर्षांची मर्यादा तशीच ठेवली, हा समतोल त्यामुळे महत्त्वाचा वाटतो.

घरी पाळण्यासारखे नियम

१. पार्टीला निघण्यापूर्वीच परतताना गाडी कोण चालवणार हे ठरवावे. त्या व्यक्तीने एकही ग्लास घेऊ नये. "वहिनी चालवतील" हे दरवेळी गृहीत धरू नये, पाळी लावावी.

२. यजमानांनी आग्रह जेवणाचा करावा, ग्लासाचा नव्हे. दूरच्या पाहुण्यांसाठी अंथरुणे काढून ठेवावीत किंवा टॅक्सी बोलवावी.

३. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर गाडी चालवायची असेल तर आदल्या रात्री युनिट मोजावेत.

४. गाडीत फोन हातात घेऊ नये. मार्च २०१७ पासून याला सहा पॉइंट्स आणि २०० पौंड दंड आहे. नवीन लायसन्सधारकाचे पहिल्या दोन वर्षांत सहा पॉइंट्स झाले की लायसन्सच जाते. हे मुलामुलींना जरूर सांगावे.

५. अपघातात कोणी जखमी झाले तर थांबणे कायद्याने बंधनकारक आहे. नाव, पत्ता द्यावा, आवश्यक तेव्हा २४ तासांच्या आत पोलिसांना कळवावे. घाबरून निघून जाण्याने गुन्हा वाढतो.

६. पोलिस चौकशीला बोलावतील तर सॉलिसिटरशी बोलल्याशिवाय उत्तरे देऊ नयेत. पोलिस ठाण्यात हा सल्ला विनामूल्य मिळतो. परंतु श्वासाचा नमुना देणे सॉलिसिटर येईपर्यंत लांबवता येत नाही.

हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. प्रत्यक्ष प्रसंगी तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. येत्या कार्यक्रमाला येताना मात्र एवढे करा: निघण्याआधी घरातल्या सर्वांसमोर विचारा, "आज परत गाडी कोण आणणार?" आणि जो हात वर करील, त्याला त्या रात्री ताक द्या.